क्लाउड मेसेजिंग सेवा कशी निवडावी: कोकणातून काम करणाऱ्या नवख्या डेव्हलपरसाठी

कुडाळ, रत्नागिरी, चिपळूणला राहून स्थानिक धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी मुलंमुली आता बरीच आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "एसक्यूएस घेऊ, रॅबिटएमक्यू टाकू, की सरळ काफ्का?" तिन्ही एका प्रोग्रामचा निरोप, म्हणजे मेसेज, दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या व्यवस्था आहेत. माझं उत्तर दर वेळी तेच असतं, की सेवेचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी तीन गोष्टी बघा. मेसेज कसला आहे, तो हरवला तर कोणाच्या खिशाला चाट बसते, आणि तो जिथून निघतो तिथे लाइट आणि रेंज किती टिकते. तिसऱ्या गोष्टीबद्दल ट्युटोरियलमध्ये काही सापडत नाही, म्हणून इथे तिच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

समजायला एकच उदाहरण धरू. देवगडच्या काही बागायतदारांचा गट हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतो. वेबसाइटवर ऑर्डर येते, पैसे जमा होतात, जामसंड्याच्या पॅकिंग शेडमध्ये पेटी भरली जाते, टेम्पोची यादी निघते, गिऱ्हाइकाला एसएमएस जातो. शिवाय रायपनिंग चेंबरमधला, म्हणजे आंबे पिकवायच्या खोलीतला, सेन्सर दर मिनिटाला तापमान पाठवतो. ही सगळी वेगवेगळी प्रोग्रामं आहेत आणि त्यांना एकमेकांशी बोलायचं आहे.

१. क्यू खरंच लागते का, ते आधी बघा

ऑर्डर घेणाऱ्या कोडनेच एसएमएस पाठवला, बिलाची पीडीएफ बनवली आणि शेडला कळवलं, तर एसएमएसवाल्याचा सर्व्हर मंदावला की गिऱ्हाइकाचं पान फिरत राहतं. तो वैतागून पुन्हा "पे" दाबतो. म्हणून नंतर करता येण्यासारखी कामं बाजूला काढायची, इतकाच मूळ हेतू आहे. अशा कामांची रांग म्हणजे क्यू, आणि तिच्यातलं एकेक काम उचलून करणारा प्रोग्राम म्हणजे वर्कर.

यासाठी पहिल्या सीझनला पोस्टग्रेस डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं. २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून त्यात "स्किप लॉक्ड" ही सोय आहे. त्यामुळे दोन वर्कर एकाच वेळी टेबल वाचत असले तरी एकच काम दोघांच्या हाती पडत नाही. टेबलात कामाचा प्रकार, मजकूर, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला आणि पुढचा प्रयत्न कधी, एवढे कॉलम ठेवा.

याचा मोठा फायदा असा की ऑर्डर आणि तिच्यातून निघणारं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलं जातं: दोन्ही नोंदी होतात, नाहीतर एकही नाही. एरवी ऑर्डर डेटाबेसमध्ये गेली आणि क्यूला मेसेज जाण्याआधी प्रोग्राम बंद पडला, तर पैसे जमा आणि शेडला पत्ता नाही, अशी गत होते. या टेबलाला आउटबॉक्स म्हणतात. पुढे क्लाउडची क्यू घेतलीत तरी हे टेबल काढू नका. त्यातून उचलून क्यूत टाकणारा एक छोटा वर्कर लिहा.

दिवसाला काही शे ऑर्डर असतील आणि सगळं एकाच टीमच्या हातात असेल, तर इथेच थांबा. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या सिस्टिमना एकच घटना कळवायची झाली, किंवा बाहेरचे सेन्सर आणि मोबाइल जोडायचे झाले, की पुढे वाचा.

२. प्रत्येक मेसेजची चौकशी करा

कागदावर तक्ता काढा. डावीकडे मेसेजचं नाव, आणि पुढे चार प्रश्न: हरवला तर काय होईल, दोनदा आला तर, मागेपुढे झाला तर, आणि उशिरा आला तर किती चालेल?

तापमानाचा एखादा आकडा हरवला तरी बिघडत नाही, मिनिटाने दुसरा येतो. दोनदा आला तरी चालतं. पण तासाभराने आला तर निरुपयोगी, तोवर आंबा तापलेला असतो. ऑर्डर याच्या बरोबर उलट: दहा मिनिटं उशीर चालेल, हरवणं अजिबात चालणार नाही. एसएमएस दोनदा गेला तर गिऱ्हाईक फार तर हसेल, पण "पेटी रवाना करा" हा मेसेज दोनदा गेला तर खरीखुरी पेटी जाते. मग शेडवरून फोन येतो, "एका गिरायकाक दोन पेट्यो कशाक?"

क्रमाचं तसंच. "ऑर्डर आली" आणि "ऑर्डर रद्द" हे उलटे पोचले तर घोळ होतो, पण तो त्या एका ऑर्डरपुरता. पुण्याच्या ऑर्डरच्या आधी ठाण्याची पोचली तर कोणाचं काही अडत नाही. म्हणजे क्रम लागतो तो ऑर्डरच्या आत. सगळीकडे क्रम लागतोच असं धरून चाललात, तर उगाच महाग आणि मंद सेवा गळ्यात पडते.

३. कोणती सेवा कोणत्या जातीची, ते ओळखा

पहिली जात साध्या क्यूची. मेसेज एका वर्करने उचलला, काम झालं, मेसेज पुसला. अ‍ॅमेझॉन एसक्यूएस, अ‍ॅझ्युर सर्व्हिस बसची क्यू आणि रॅबिटएमक्यूची क्यू या जातीत येतात.

दुसरी पब्लिश-सबस्क्राइब. "ऑर्डर आली" असं एकदा जाहीर केलं की बिल, शेड, एसएमएस अशा प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते. गूगलची पब/सब सेवा, अ‍ॅमेझॉनची एसएनएस, सर्व्हिस बसचे टॉपिक. लक्षात ठेवा, सर्व्हिस बसच्या बेसिक प्लॅनमध्ये टॉपिक मिळत नाहीत, त्यासाठी स्टँडर्ड घ्यावा लागतो.

तिसरी जात लॉगची, म्हणजे काफ्का. लिंक्डइनमध्ये तयार होऊन २०११ मध्ये ओपन सोर्स झालेला काफ्का जेटीवरच्या लिलावाच्या वहीसारखा आहे: पान कोणी फाडत नाही, प्रत्येक जण आपण कुठवर वाचलं त्याची खूण ठेवतो. नोंदी मूळ सेटिंगमध्ये सात दिवस राहतात आणि मागे जाऊन पुन्हा वाचता येतात. क्रमाची हमी मात्र एका पार्टिशनपुरतीच, म्हणजे लॉगच्या एका तुकड्यापुरतीच, असते. मोठ्या प्रवाहासाठी उत्तम, पण दोन माणसांच्या टीमने तो स्वतः सांभाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीच्या मुलाखतीत विचारतात म्हणून आंब्याच्या पेट्यांना काफ्का लावणारे मी पाहिले आहेत.

चौथी जात उपकरणांसाठी, एमक्यूटीटी. तिच्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

इथे नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. फायरबेस क्लाउड मेसेजिंग हे नाव वाचून तीच क्यू समजतात. ती मोबाइलवर नोटिफिकेशन पाठवण्याची सेवा आहे. मेसेज ४ केबीपर्यंतच, फोन बंद असेल तर जास्तीत जास्त चार आठवडे साठवणार, आणि पोचण्याची हमी नाही. "नवीन ऑर्डर आली, अ‍ॅप उघडा" एवढं सांगायला ती झकास आहे. ऑर्डर मात्र अ‍ॅपने तुमच्या सर्व्हरवरूनच आणायची.

४. आता सेवा निवडा, आणि तिच्या मूळ सेटिंगवर विसंबू नका

बाकीचं सॉफ्टवेअर ज्या क्लाउडवर आहे त्याचीच मेसेजिंग सेवा घ्या. फक्त क्यूसाठी दुसऱ्या क्लाउडवर जाण्यात अर्थ नाही. रीजन, म्हणजे सर्व्हर असलेलं ठिकाण, जवळचा धरा: अ‍ॅमेझॉन आणि गूगलचा मुंबई, अ‍ॅझ्युरचा पुण्याचा, जो यादीत सेंट्रल इंडिया नावाने दिसतो. खातं नवीन असताना कन्सोल अमेरिकेतल्या रीजनवर उघडलेला असू शकतो. मग क्यू तिकडे बनते आणि मुंबई निवडल्यावर "माझी क्यू गेली कुठे" अशी शोधाशोध सुरू होते.

एसक्यूएस घेणार असाल तर तीन सेटिंग पहिल्याच दिवशी बदला.

व्हिजिबिलिटी टाइमआउट: मूळ ३० सेकंद, कमाल १२ तास. वर्करने मेसेज उचलल्यावर तो इतका वेळ इतरांना दिसत नाही. बिलाची पीडीएफ आणि एसएमएस मिळून ४५ सेकंद लागत असतील, तर तिसाव्या सेकंदाला तोच मेसेज दुसरा वर्कर उचलतो. दोन पेट्या जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. कामाला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट टाइमआउट ठेवा. लॅम्डा, म्हणजे सर्व्हर न ठेवता कोड चालवण्याची सेवा, वापरत असाल तर त्याच्या टाइमआउटच्या सहापट ठेवायला अ‍ॅमेझॉनच सांगते.

साठवण: मूळ ४ दिवस, कमाल १४. गौरी-गणपतीत वर्कर बंद पडला आणि अख्खी टीम घरी आरतीत असेल, तर पाचव्या दिवसापासून मेसेज पुसले जाऊ लागतात. मुदत संपलेले मेसेज डेड लेटर क्यूतही (तिच्याबद्दल लगेच पुढे) जात नाहीत, सरळ नाहीसे होतात. मुदत वाढवा; किती, ते पुढच्या मुद्द्यात.

डेड लेटर क्यू: ठरावीक वेळा फसलेला मेसेज बाजूला टाकण्याची जागा. ती आपोआप मिळत नाही, बनवून जोडावी लागते. सर्व्हिस बसमध्ये ती आयती असते आणि दहा प्रयत्नांनंतर मेसेज तिकडे जातो. एसक्यूएसच्या साध्या क्यूत मुदत मूळ मेसेज आला तेव्हापासूनच मोजली जाते, त्यामुळे डेड लेटर क्यूची मुदत मुख्य क्यूपेक्षा जास्त हवी. मग मुख्य क्यू १० दिवस आणि ही १४, असं करा.

क्रम हवा असेल तर एसक्यूएसची फिफो (आधी आलेला आधी बाहेर) क्यू आहे. तिच्यात ग्रुप म्हणून ऑर्डर क्रमांक द्या. सगळ्यांना एकच ग्रुप दिलात तर एक मेसेज अडकला की मागचे सगळे अडकतात, परशुराम घाटात दरड आल्यावर व्हावं तसे. फिफो क्यू डुप्लिकेट गाळते खरी, पण फक्त पाच मिनिटांच्या आतले. दोन तास रेंजबाहेर असलेल्या फोनने तीच ऑर्डर पुन्हा पाठवली, तर तिला ती नवीनच वाटते. म्हणून डुप्लिकेट ओळखणं तुमच्याच डेटाबेसमध्ये हवं: रवानगीच्या टेबलात ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन (एक क्रमांक एकदाच) घाला आणि आधी तिथे नोंद, मग काम. सेवा कुठलीही असो, हे चुकत नाही.

गूगल पब/सब घेतलीत तर सीझनल धंद्यासाठी एक खास खड्डा आहे. ३१ दिवस कोणी वापरलं नाही तर सबस्क्रिप्शन (वर्करला मेसेज मिळण्याची नोंदणी) आपोआप रद्द होतं, मूळ सेटिंगच तसं आहे. मे संपला, वर्कर बंद केला, मार्चमध्ये पुन्हा सुरू करायला गेलात तर सबस्क्रिप्शनच नाही. नवीन बनवलंत तरी त्याआधीचे मेसेज त्याला मिळत नाहीत. मुदत "कधीच नाही" अशी करून ठेवा. अ‍ॅक करायला, म्हणजे मेसेज मिळून काम झाल्याचं कळवायला, सुरुवातीला १० सेकंद मिळतात, ती मुदत ६०० सेकंदांपर्यंत वाढवता येते.

रॅबिटएमक्यू स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचा असेल तर मेसेज टिकण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: क्यू ड्युरेबल (रीस्टार्टनंतर राहणारी), मेसेज पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिलेला) आणि पब्लिशर कन्फर्म (मेसेज मिळाल्याची रॅबिटची पोच). यातली एक जरी राहिली तरी रीस्टार्टच्या वेळी मेसेज जाऊ शकतो. व्यवस्थापनाचं पान १५६७२ पोर्टवर असतं, ते इंटरनेटला उघडं सोडू नका. मला रॅबिट आवडतो, पण त्याचा सर्व्हर अपडेट कोण करणार, हे विचारल्यावर जिथे सगळे एकमेकांकडे बघतात तिथे मी तो सुचवत नाही.

५. मेसेज निघतो ती बाजू सांभाळा

क्लाउड सहसा पडत नाही. पडतो तो शेडमधला राउटर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस लाइट नव्हती आणि मोबाइलही मुके होते. तेवढं लांब जायला नको, वळवाचा एक पाऊस पुरतो. म्हणून पहिली क्यू फोनमध्येच हवी.

शेडमधला माणूस "पेटी भरली" दाबतो तेव्हा अ‍ॅपने ते आधी फोनमधल्या एसक्यूलाइट टेबलात लिहावं आणि लगेच हिरवी खूण दाखवावी. नोंदीचा क्रमांक फोनवरच तयार करा, यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारा लांब क्रमांक) पुरतो. रेंज आली की पाठवायचं काम अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे द्या. नोंद सर्व्हरने आपल्याकडे पक्की लिहिल्यावरच "मिळालं" म्हणावं, आणि तसं उत्तर आल्यावरच फोनने ती पाठवलेली म्हणून टिपावी. मध्येच रेंज गेली तर तोच क्रमांक पुन्हा जातो, आणि त्याच्यावरही वरच्यासारखं युनिक बंधन घातलं असेल तर तो गाळला जातो.

फोनवरून थेट क्लाउडच्या क्यूत लिहू नका. त्यासाठी खात्याच्या चाव्या अ‍ॅपमध्ये टाकाव्या लागतात आणि अ‍ॅप फोडून त्या कोणीही काढू शकतो. मध्ये स्वतःची एपीआय ठेवा.

पुन्हा प्रयत्न करताना दर वेळी अंतर वाढवा आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घाला. लाइट आली की वाडीतले सगळे फोन एकदमच जागे होतात. सगळ्यांनी त्याच सेकंदाला धाव घेतली तर सर्व्हर गुदमरतो. फोनच्या घड्याळावरही फार भरवसा नको. वेळेबरोबर प्रत्येक फोनचा स्वतःचा चढता अनुक्रमांक पाठवा, कारण फिफो क्यूसुद्धा क्रम लावते तो मेसेज पोचल्याचा, पेटी भरल्याचा नव्हे.

सेन्सरसाठी एमक्यूटीटी. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहाच्या महागड्या, तुटक्या जोडणीतून माहिती पाठवण्यासाठी बनला. आपल्याकडच्या रेंजला तो शोभतो. पोचण्याच्या हमीचे तीन स्तर आहेत: शून्य म्हणजे पाठवलं आणि विसरलं, एक म्हणजे निदान एकदा पोचेल, दोन म्हणजे बरोबर एकदाच. तापमानाला शून्य चालतो, "दार उघडं राहिलं" या इशाऱ्याला एक. अ‍ॅमेझॉनच्या आयओटी कोअरमध्ये स्तर दोन नाहीच, तेव्हा त्यावर डिझाइन उभारू नका. तिथलं पर्सिस्टंट सेशनही (जोडणी तुटलेल्या उपकरणासाठी मेसेज धरून ठेवणं) सुरुवातीला एकच तास टिकतं, सात दिवसांपर्यंत वाढवून घेता येतं.

शेडमध्ये छोट्या संगणकावर मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर (मेसेज घेऊन पुढे देणारा प्रोग्राम) चालवून त्याचा ब्रिज क्लाउडशी जोडणं हा चांगला उपाय आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. नोंदी डिस्कवर लिहिण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते, त्यामुळे लाइट गेली की मेमरीतली क्यू गेली. आणि एका क्लायंटसाठी ब्रोकर मुळात १,००० मेसेज धरून ठेवतो, पुढचे गुपचूप टाकून देतो. रांगेत धरले जाणारे, म्हणजे स्तर एकचे, मेसेज मिनिटाला एक येत असतील तर ही मर्यादा १६ तास ४० मिनिटांत भरते. वादळाच्या दिवसांत ती किती अपुरी, ते सांगायला नको. मर्यादा वाढवा, आणि संगणकाला यूपीएस द्या. तो जमिनीवर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

६. पैशाचं गणित आधी मांडा

एसक्यूएसला महिन्याला पहिल्या दहा लाख रिक्वेस्ट फुकट आहेत. नवख्याला वाटतं, आपल्या ऑर्डर कुठे एवढ्या! पण रिकाम्या क्यूला "काही आहे का" विचारणं हीही रिक्वेस्टच. एक वर्कर दर सेकंदाला विचारत राहिला तर दिवसाच्या ८६,४०० आणि तीस दिवसांच्या २५,९२,००० रिक्वेस्ट होतात, एकही पेटी न विकता. लाँग पोलिंग, म्हणजे मेसेजची वाट बघत थांबणारी विचारणा, २० सेकंदांचं केलं की रिकाम्या क्यूवर त्याच वर्करच्या महिन्याला १,२९,६०० होतात. एक सेटिंग, बस्स.

दुसरा मुद्दा सीझनचा. आंबा मार्च ते मे. मासेमारीचं काम असेल तर १ जून ते ३१ जुलै बंदी. तासावर पैसे घेणाऱ्या सेवा, म्हणजे मॅनेज्ड काफ्का, अ‍ॅमेझॉन एमक्यू, सर्व्हिस बस प्रीमियम, भर पावसातही मीटर चालू ठेवतात. वापरावर पैसे घेणाऱ्या सेवा आपल्या धंद्याला जास्त परवडतात. काही झालं तरी बजेट अलर्ट पहिल्या दिवशीच लावा.

७. हाताशी काय हवं

खात्यासाठी:
- पॅन, आणि असेल तर जीएसटी क्रमांक. तो बिलिंगमध्ये सुरुवातीलाच भरा, नाहीतर बिलावर येत नाही.
- ऑनलाइन व्यवहार सुरू असलेलं कार्ड. कार्डावरून १५,००० रुपयांवरच्या आपोआप वसुलीला ओटीपी लागतो, तेव्हा बँकेत नोंदवलेला नंबर बागायतदाराचा असेल तर त्याला आधी सांगून ठेवा.
- मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी, आणि रोजच्या कामाला वेगळा, मर्यादित अधिकारांचा युजर.

एसएमएससाठी: दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार डीएलटी नोंदणी, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद. संस्थेची कागदपत्रं, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. कोड लिहून झाल्यावर याची आठवण आली तर ऐन सीझनमध्ये हात चोळत बसावं लागतं. फेब्रुवारीच्या आधी उरका.

कामासाठी: डॉकर, त्यात रॅबिटएमक्यू किंवा लोकलस्टॅक (अ‍ॅमेझॉनच्या सेवांची आपल्या संगणकावरची नक्कल), मॉस्किटोची कमांड लाइन साधनं, आणि तो दुसऱ्या पायरीतला तक्ता.

मेसेजमध्ये गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन भरू नका. ऑर्डर क्रमांक पाठवा, बाकीचं वर्कर डेटाबेसमधून घेईल. मेसेज लॉगमध्ये, डेड लेटर क्यूत, कुठेकुठे पडून राहतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ते परवडणारं नाही.

८. सीझनआधी मुद्दाम मोडून बघा

वर्कर काम करत असताना मध्येच मारा. मेसेज परत येतो का, पेटी एकदाच जाते का, ते बघा. एकच मेसेज हाताने दोनदा टाका. अर्धवट, मोडका मजकूर टाका आणि तो ठरलेल्या प्रयत्नांनंतर डेड लेटर क्यूत जातो की वर्करला कायमचा घोळात पाडतो, हे तपासा. फोन फ्लाइट मोडवर ठेवून वीस पेट्या भरा, फोन बंद करून चालू करा, मग रेंज द्या. शेडचा मेन स्विच पाडून ब्रोकर परत उठल्यावर मेसेज मोजा.

दोन अलार्म पुरतात. डेड लेटर क्यूत एक जरी मेसेज पडला तर, आणि मुख्य क्यूतला सगळ्यात जुना मेसेज पंधरा मिनिटांपेक्षा जुना झाला तर. क्यूतल्या मेसेजच्या संख्येवर अलार्म लावू नका. अक्षय्य तृतीयेच्या आधी संख्या वाढणारच, पण वय वाढलं म्हणजे वर्कर झोपला आहे. हे अलार्म ज्याच्या फोनवर जाणार त्याचं नाव आणि तो रजेवर असताना दुसऱ्याचं नाव शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. डेड लेटर क्यूतला मेसेज बघून, दुरुस्त करून पुन्हा मुख्य क्यूत कसा टाकायचा, याच्या पायऱ्याही त्याखालीच चिकटवा, कारण रात्री टेम्पो सुटायच्या वेळी हे काम करणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल.